बाईच्या हृदयाचं स्कॅन आणि अंगणातलं ताट

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. आदिलाबादकडे, बेल्याजवळच्या एका गावात तिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातल्या कुठल्या लेकराला कधी कोणती लस दिली ते तिला तोंडपाठ असायचं, पण स्वतःची छाती चालताना आवळून येते ही गोष्ट तिनं जवळजवळ वर्षभर कोणाला सांगितली नाही. कळली तीही चुकून. दसऱ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. ती पाण्याची गुंडी घेऊन पायरी चढली आणि मधेच थांबून भिंतीला टेकली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"काई नाई. रोजचंच हाय."

त्या 'रोजचंच'वर मी जी चिडले ती पुढचे दोन-तीन महिने चिडलेलीच होते. फक्त कारणं बदलत गेली.

मी आदिलाबादला मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. बाईला मी तिथल्याच हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं ईसीजी काढला, सोनोग्राफीसारखी आणखी एक तपासणी केली, बाईचे सुजलेले गुडघे पाहिले आणि म्हणाला, "यांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून तपासता येणार नाही. हैदराबादला न्यूक्लियर स्कॅन करून आणा." एवढं बोलून त्यानं टेबलावरची घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आलासुद्धा. बाई अजून खुर्चीतून उठत होती.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "न्यूक्लियर म्हन्जे थेच ना, बॉम्बवालं?"

"नाव तसं असते. बॉम्ब नाही."

"मंग काय असते?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मास्तरीण असून बहिणीच्या एका साध्या प्रश्नाला उत्तर देता येईना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "तुले काय करायचं? करून घ्यायचं."

हैदराबादच्या ज्या दवाखान्यात बाईचं सरकारी कार्ड चालत होतं तिथं मी फोन लावला. पलीकडची मुलगी तेलुगूत भरभर बोलली. तारीख मिळाली. उपाशीपोटी या, जुने रिपोर्ट आणा, बाकी सगळं मोबाईलवर पाठवते, म्हणाली. मोबाईलवर तीन पानं आली, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी ती मधल्या सुट्टीत वाचली. एका ओळीत लिहिलं होतं की चोवीस तास आधीपासून कॅफीन घ्यायचं नाही. मी मनात म्हटलं, बाईनं जन्मात कॉफी प्यायलेली नाही, ही ओळ आपल्यासाठी नाहीच.

आता सांगा, ही चूक कोणाची? माझीच. पण आमच्या भागात ज्या घरात उठल्यापासून चार वेळा चहा होतो, तिथं 'चहा पिऊ नका' असं सरळ लिहायला काय झालं होतं? ज्यानं तो कागद लिहिला त्याला 'चहा' हा शब्द येत नव्हता का?

आदल्या दिवशी आम्ही दोघी बसनं हैदराबादला गेलो. सात-आठ तासांत बाईचे गुडघे आखडून गेले. दवाखान्यामागच्या लॉजमध्ये राहिलो. सकाळी उठून मी अंघोळीला गेले, तेवढ्यात बाई खाली जाऊन टपरीवर कोरा चहा पिऊन आली. उपाशी राहायचं म्हणून दूध टाळलं होतं तिनं. मला सांगताना तिच्या चेहऱ्यावर नियम पाळल्याचं समाधान होतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तपासणीचा विभाग तळघरात होता. दारावर पिवळी खूण होती, तीन पात्यांच्या पंख्यासारखी. आत एका मुलीनं फॉर्म भरायला घेतला. शेवटी विचारलं, "टी तागारा?" चहा घेतला का, एवढं तेलुगू बाईला येतं. ती खुशीनं म्हणाली, "हाव! कोरा."

मुलीचं पेन थांबलं. ती आत गेली आणि एका मध्यमवयीन तंत्रज्ञाला घेऊन आली. तो आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलला. "अम्मा, चाय पी लिए तो आज नहीं होता."

"नहीं होता म्हणजे?" मी मराठी-हिंदी एक करून भांडायला उभी राहिले. "तीनशे किलोमीटर से आए हैं हम. एक कप चाय है. वो भी काली."

त्यानं शांतपणे सांगितलं की बाईचे गुडघे खराब, म्हणून हृदयाला पळवायचं काम एक औषध करणार. चहा-कॉफीत जे असतं ते नेमकं त्याच औषधाला अडवतं. मग यंत्रात हृदय ठीकठाक दिसतं आणि प्रत्यक्षात नसतं. "खोटा रिपोर्ट लेके क्या करेंगे मॅडम?"

त्याचं पटत होतं, म्हणून आणखी राग येत होता. मी म्हटलं, "मग आज जे इंजेक्शन आमच्यासाठी ठेवलंय ते फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही उद्या येतो."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. फोटोसाठीचं हे दुसरं औषध सकाळी तयार होतं आणि आपोआप उतरत जातं, असं त्यानं समजावलं. सहा तासांत त्याचा जोर निम्मा, आणखी सहा तासांत त्याच्याही निम्मा. फ्रिज काय, लोखंडी तिजोरीत ठेवलं तरी ते थांबत नाही. म्हणूनच तर पेशंटनं ठरलेल्या वेळी यायचं असतं, उशीर करायचा नसतो आणि यायचं नसेल तर आधी कळवायचं असतं. पुढची तारीख दहा दिवसांनी मिळाली.

बाई बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे आले तर म्हणाली, "म्या खरं सांगतलं म्हनून झालं का हे? नाई म्हनायला पाह्यजे होतं?"

"खरं सांगतलं ते बरं केलं," मी म्हटलं. पण ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून तिला ते शाबासकीसारखं वाटलं नसणार.

निघायच्या आधी मी हट्टानं तिथल्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या तरुण होत्या. बाहेर पेशंटांची रांग होती, तरी दहा मिनिटं दिली. मी पर्समधली हजेरीची जुनी वही काढली आणि मागच्या पानावर मराठीत लिहून घेत गेले. चहा, कॉफी, चॉकलेट, बाटलीतली काळी थंड पेयं, सगळं एक दिवस बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही तेच असतं, म्हणून कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. दम्याचा त्रास असेल तर आधी सांगायचं, कारण हृदय पळवायचं औषध दम्याच्या माणसाला सोसत नाही. रोजच्या औषधांपैकी कोणतं थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं एकही बंद करायचं नाही. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तशा बाईनं ते सुरुवातीलाच सांगायचं.

तिथं मला बाईच्या मुलीची आठवण झाली. माझी भाची सातव्या महिन्यात होती आणि पहिल्या बाळंतपणासाठी नुकतीच माहेरी आली होती. मी विचारलं, "घरात गरोदर मुलगी आहे. चालेल?"

"तपासणीच्या दिवशी तिच्या फार जवळ, फार वेळ बसू देऊ नका. बस. दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं. भरपूर पाणी पाजा, वारंवार लघवीला जाऊ द्या. औषध त्याच वाटेनं निघून जातं."

तेही मी लिहून घेतलं. ती वही त्यानंतर पर्समध्येच राहिली. त्यानं काय झालं ते पुढे सांगते.

मधल्या दहा दिवसांत बाईनं जायला साफ नकार दिला. रोज फोन, रोज तेच.

"मले काई होत नाई. बस मध्येच मरून जाईन मी."

"मरशील तर हृदयानं मरशील, बसनं नाही."

"तू लई शिकेल हायस ना, तूच काढून घे थो फोटो."

त्यातच एका शेजारणीनं तिला सांगितलं की अशा तपासणीच्या आधी आठ दिवस सगळ्या गोळ्या सोडायच्या असतात. बाईनं सोडल्या. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करायची, सगळ्या. चार दिवसांनी भाचीनं मला चोरून फोन केला तेव्हा कळलं. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून इतकी ओरडले की सातवीचा वर्ग एकदम शांत झाला. डॉक्टरांनी फक्त एक बीपीची गोळी दोन दिवस आधीपासून थांबवायला सांगितली होती. बाकी सगळ्या त्याच दिवसापासून पुन्हा चालू केल्या.

दुसऱ्या खेपेला मी तिला डोळ्याआड होऊ दिलं नाही. बस इचोड्याला थांबली, समोरच्या धाब्यावर चहा उकळत होता आणि बसमधले सगळे उतरले. बाई खिडकीतून नुसती बघत बसली. मी तिला गरम दूध आणून दिलं. ते तिनं लहान पोराला औषध पाजावं तसं तोंड करून घेतलं.

सकाळी तळघरात त्याच मुलीनं तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाली, "नाई. हिनं पिऊ देला नाई." मुलीला मराठी कळलं नाही, पण बाईचा चेहरा कळला. ती हसली.

हाताला सुई लावली आणि पहिलं इंजेक्शन दिलं, त्यानंतर मला बाहेर काढलं. इंजेक्शन घेतलेल्यांची बसायची खोली वेगळी, त्यांचं संडास-बाथरूम वेगळं. बाई तिथं चार तेलुगू बायकांमध्ये एकटी बसली आणि मी काचेच्या दाराबाहेर. ती दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघायची. मी हातानं 'पाणी पी' अशी खूण करायची. ती मान फिरवायची.

त्या तंत्रज्ञाला मी विचारलं, "मशीन से किरण निकलते हैं ना? इसीलिए हमको बाहर बिठाया?"

"नहीं मॅडम. ये मशीन कुछ नहीं छोडती. अभी अम्मा छोड रही है, थोडा थोडा. मशीन सिर्फ देखती है."

एवढी एक गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली. एक्स-रेमध्ये यंत्र किरण सोडतं. इथं किरण सोडणारं औषध माणसाच्या रक्तातून हृदयात जाऊन बसतं, आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं औषधही पोचत नाही, तिथं फोटोत फिकं दिसतं. हे कोणी आम्हाला पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बाईनं बॉम्बचा विचार करत रात्री काढल्या नसत्या.

बाईनं नंतर सांगितलं ते असं. तिला अरुंद टेबलावर निजवलं, हात डोक्यावर ठेवायला लावले आणि दोन मोठे चपटे डबे छातीच्या अगदी जवळ आणले. हलू नका म्हणाले. पाऊण एक घडी ती तशीच पडून राहिली. नाकाला खाज सुटली तरी हलली नाही. खांदे भरून आले. नंतर दुसऱ्या खोलीत नेऊन ते हृदय पळवायचं औषध दिलं.

"अन् मंग मी गेली," बाई म्हणाली. "छातीवर कोनी जातं ठेवलं असं वाटलं. तोंड गरम, डोकं ठनठन, श्वास घेता येईना. म्या म्हनलं, आता हे लोक इथूनच मले नेतात. कोनीच सांगतलं नोतं असं होते म्हनून."

सांगितलं होतं. फॉर्मवर, इंग्रजीत, बाईच्या सहीच्या वर. काही मिनिटं असं होतं आणि आपोआप ओसरतं, तोवर डॉक्टर शेजारी उभा असतो. ओसरलंही. मग नर्सनं बाईच्या हातात काय द्यावं? कॉफीचा कप. त्या औषधाचा जोर उतरायला आता तेच चांगलं म्हणे. बाईनं कप हातात धरून काचेतून माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड दुसरीकडे वळवलं.

त्यानंतर पुन्हा इंजेक्शन, पुन्हा थांबणं, काही तरी खाऊन पुन्हा तेच टेबल. दुपार उलटली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या सांगण्यावरून एका कागदावर लिहून दिलं की आजच्या दिवसापुरतं गरोदर बाईपासून आणि लहान बाळापासून थोडं अंतर, पाणी भरपूर, उद्यापासून काही बंधन नाही. लिहिलं इंग्रजीत. त्या दिवशी लॉजवर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघालो. म्हणजे बाई गावी पोचणार होती तेव्हा पूर्ण दिवस उलटून गेलेला असणार होता. आम्ही मुद्दाम तसं ठरवलं होतं.

आदिलाबादच्या बसस्टँडवर भाऊजी बाईला न्यायला आले होते. मी बाईला त्यांच्या हवाली केलं आणि घरी गेले. सकाळी शाळेत चाचणी होती, पेपर काढायचे राहिले होते. वही पर्समध्ये आणि डॉक्टरीणबाईंचा कागदही पर्समध्ये. भाऊजींना मी विचारलं ते एवढंच, "गाडी हळू चालवाल ना?"

तीन दिवस मी रोज फोन केला. बाई रोज म्हणायची, बरी हाय. रविवारी मी न कळवता गेले.

अंगणाच्या कडेला, बैलाच्या गोठ्याजवळ बाईची खाट टाकलेली होती. वर ताडपत्री. खाटेखाली एक वेगळं ताट, एक वेगळा गिलास. भाऊजी हातात तांब्या घेऊन उभे होते आणि बाई ओंजळ करून पाणी पीत होती. तांब्या तिच्या हातापासून वीतभर वर.

"हे काय चाललंय?"

भाऊजी दचकले. पाणी बाईच्या पदरावर सांडलं. ते म्हणाले, "जावई म्हनते पंधरा दिवस दूर ठेवा म्हनून. तिच्या अंगातून किरनं निघून राह्यले. पोरीच्या पोटात लेकरू हाय."

जावई म्हणजे भाचीचा नवरा. तो बेल्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, रविवार म्हणून इकडे आला होता. तेलुगू माध्यमातून शिकलेला, हुशार, बायकोवर जीव असलेला मुलगा. त्यानं मोबाईलवर शोधलं होतं. काय शोधलं होतं ते त्यानं मला दाखवलं. ती थायरॉईडच्या कॅन्सरवर द्यायच्या औषधाची माहिती होती. तो उपचार असतो, त्याचं औषध वेगळं, जोर वेगळा, नियम वेगळे. बाईची ती फक्त तपासणी होती. पण दोन्हींवर तीच पिवळी खूण, आणि जावयानं ती दवाखान्याच्या फाईलवर पाहिली होती.

मी बाईजवळ खाटेवर बसले. "तू का ऐकून घेतलं हे? मला फोनवर काऊन नाही सांगितलं?"

"पोरीच्या पोटातल्याचं भलं व्हावं म्हनून. पंधरा दिवसाचा त सवाल हाय." ती पदर पिळत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माय अन् मी मालकाच्या वावरात कापूस येचाले जाओ ना, तवा तिथं असंच वरून पानी टाकत. तू तवा झाली बी नोती. मले पाच-सहा वर्स असतीन. माय म्हने, ओंजय नीट धर, सांडू देऊ नको. कालपासून थेच आठवून राह्यलं."

आमच्या आईनं दोन पोरींना शिकवलं ते कशासाठी होतं? बाई आयुष्यभर गावातल्या सगळ्या जातींच्या लेकरांना एका रांगेत बसवून जेवू घालत आली. आणि आता साठीला आल्यावर तिला तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्याच्या हातून वरून पाणी! तेही प्रेमापोटी. त्यात कोणाचाच दुष्टावा नव्हता, म्हणूनच मला कुठं ओरडावं ते कळेना.

मी जावयावर ओरडले. "जावईबापू, एक फोन करता आला नाही मला?"

"मावशी, तुमी तरी केला का?" तो म्हणाला. "मले कोनी काईच सांगतलं नाई. फाईलवर खून पाह्यली, भेव लागलं. मी काय करू?"

मी पर्स उघडली आणि तो कागद त्याच्या हातात दिला. वहीचं पान दाखवलं. मराठीत, माझ्या सुवाच्य अक्षरात सगळं होतं: दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. त्यानं दोन्ही वाचलं, पण विश्वास बसेना. मराठी पान माझ्याच हातचं, आणि इंग्रजी कागदावर दोनच ओळी.

मग मी दवाखान्यात फोन लावला. रविवार होता. तेलुगूसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. दोन दाबलं की गाणं लागायचं आणि फोन कटायचा. चौथ्या वेळी एक माणूस बोलला, त्यानं दुसरीकडे जोडलं, तिथं कोणी उचललं नाही. सहाव्या वेळी तोच तंत्रज्ञ मिळाला. मी काही बोलायच्या आधी फोन जावयाच्या कानाला लावला. "तेलुगूत विचारा. जे विचारायचं ते सगळं."

जावई अंगणात फेऱ्या मारत बोलत होता. बराच वेळ त्यानंच विचारलं. मग नुसतं "आं… सरे… सरे अण्णा" असं 'बरं, बरं' एवढंच ऐकू येत राहिलं. त्याचं बोलणं संपायच्या आधीच भाची पोट सावरत घरातून बाहेर आली, आईच्या खाटेवर बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मी पहिल्याच दिवशी म्हनलं होतं," ती रडत म्हणाली. "पन माझं कोन ऐकते! सगळे माह्याच भल्यासाठी करून राह्यले, अन् मलेच कोनी पुसत नाई."

बाई तिच्या केसांतून हात फिरवत होती. जावयानं फोन खाली केला. तो म्हणाला, "एकाच दिवसाचं होतं म्हनते. आता काईच नाई म्हनते." मग तो वाकला, खाटेखालचं ताट-गिलास उचलून आत घेऊन गेला आणि मोरीत स्वतः घासायला बसला. भाची म्हणाली, "राहू द्या, मी घासते." तो उठला नाही.

भाऊजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "स्टँडवर उतरताना येवढं मले सांगून गेल्या असत्या, त…"

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. दहा मिनिटं डॉक्टरीणबाईंना अडवून मी सगळं लिहून घेतलं होतं, आणि ज्यांना ते कळायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते मीच पोचवलं नव्हतं. हैदराबादच्या त्या इंग्रजी कागदाला मी शिव्या घातल्या होत्या. माझा मराठी कागद तर कोणाच्या हातातच पडला नव्हता. त्या दिवशी मी तिथंच जेवले. बाई आणि भाची एका ताटात जेवल्या. जावयानं वाढलं.

रिपोर्ट आठवड्यानं आला. आदिलाबादच्या डॉक्टरनं तो अर्ध्या मिनिटात वाचला. श्रम पडले की हृदयाच्या एका बाजूला रक्त थोडं कमी पोचतं, आराम केला की भरून येतं. म्हणजे तो भाग जिवंत आहे. ऑपरेशन सध्या नको, दोन गोळ्या बदलू, सहा महिन्यांनी बघू. हे त्यानं मला सांगितलं. बाई शेजारी बसली होती. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हृदय तिचं आहे. तिला सांगा." तो जरा चपापला. मग बाईकडे वळून त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत पुन्हा सगळं सांगितलं. बाईनं तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत खुर्चीतून उठली नाही. त्यानं घंटी वाजवायला हात नेला होता, तो मागे घेतला.

भाचीला मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत. बाईची छाती आता चालताना क्वचितच आवळते, आणि आवळली की ती सांगते.

मागच्या महिन्यात बाईच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे फाईल घेऊन आले. त्यांना हाडांचं स्कॅन सांगितलं होतं. बाईनं पाठवलं म्हणाले. "मास्तरीणबाई, तुमाले सगळं मालूम हाय म्हने. काय खायाचं, काय नाई, सांगा."

मी म्हटलं, "मले हृदयाचं मालूम आहे. हाडाचं वेगळं असू शकते. प्रत्येक तपासणीचे नियम वेगळे असतात काका. जिथं करायची तिथं विचारलं पाह्यजे."

ते नाराज झाले. "मंग शाळेत काय शिकवता तुमी?"

मी हजेरीच्या वहीतून एक कोरं पान फाडलं आणि त्यांना समोर बसवलं. त्यांना काय काय विचारायचं आहे ते एकेक करून सांगायला लावलं आणि माझ्या कामापुरत्या तेलुगूत लिहून दिलं. खाली रिकाम्या रेघा सोडल्या, तिथल्या माणसानं उत्तरं लिहायला. ते पान त्यांनी दोनदा उलटसुलट करून पाहिलं. "म्हन्जे तुमी काईच सांगतलं नाई," असं म्हणत घडी करून खिशात ठेवलं आणि बस पकडायला निघाले.